मुख कुठे लपवलंस

मुलीला मूठमाती दिल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी सुशीलाबाई चर्चमध्ये आल्या. त्यांची रूथ बाळंतपणात गेली होती; बाळही राहिलं नाही. आमच्या मंडळीची प्रार्थना नेहमीसारखी आभारांनी सुरू झाली. मग पाळकांनी विचारलं, "आणखी कोणी प्रार्थना करील?"

सुशीलाबाई उठल्या. "प्रभो, मी हाका मारत होते, तेव्हा तू आपलं मुख कुठे लपवलं होतंस?"

घरी 'तोंड' म्हणणारी बाई इथे 'मुख' म्हणाली, म्हणजे हे बोलणं शास्त्रातून, बायबलातून आलं होतं.

शेजारणीनं पदर ओढला. "अहो, देवाला असं बोलतात का?"

"बोलू द्या," पाळक म्हणाले. "स्तोत्रांत अशी गाऱ्हाणी पुष्कळ आहेत. आपणच ती उपासनेत घेत नाही."

मला लाज वाटली. स्तोत्रं मला लहानपणापासून पाठ होती, पण प्रार्थनेत मी त्यांतले फक्त आभाराचे शब्द उचलले होते.

सुशीलाबाई आमेन न म्हणताच बसल्या. पाळक थांबून राहिले. शेवटी एकेक करून आम्हीच "आमेन" म्हणालो. सुशीलाबाईंनी मान वर केली नाही.