माहितीदाता क्रमांक अकरा

दिवाकर गेल्याचा फोन आला तेव्हा न्हाव्यानं माझी अर्धी मिशी उतरवली होती. पुढच्या नाटकात मला सासूचं काम होतं. झाडीपट्टीचा प्रेक्षक मिशीवाली सासू चालवून घेतो, पण सुनेचं काम करणारी बाई घेत नाही. फोनवर दिवाकरच्या विभागातला शिपाई होता. “भाऊ, सर गेले. अटॅक आला. चार वाजता नेनार हायेत.” मी आरशात पाहिलं. एका बाजूनं मी होतो, दुसऱ्या बाजूनं सासू. भद्रावतीहून चंद्रपूरला जायला बसची काही कमी नाही आणि उरलेली मिशी काढायला दोन मिनिटं पुरली असती. मी न्हाव्याला म्हटलं, सावकाश होऊ दे... आणि मातीला गेलो नाही. अर्ध्या मिशीनं कसा जाणार, असं सगळ्यांना सांगितलं. लोक हसले. मीही हसलो. आता महिना झाला. खरं कारण लिहून टाकतो.

दिवाकर आणि मी एटापल्लीला एका बाकावर शिकलो. तो परीक्षेत पहिला यायचा, मी गॅदरिंगमध्ये. पुढं तो चंद्रपूरला एका महाविद्यालयात मराठीचा प्राध्यापक झाला, लोककथांवर संशोधन करू लागला. मी नाटकात विनोदी कामं करू लागलो. आता लोककथा गोळा करणाऱ्याची मोठी पंचाईत अशी, की त्याच्याशी कोणी बोलत नाही. दिवाकरनं ओसरीवर बसून वही उघडली की म्हाताऱ्या पदर सावरून गप्प. “कोन्या हापिसातून आले, बाबू?” एवढंच विचारायच्या. मग मी पुढं व्हायचो. जिवतीकडं एका आजीनं आमच्यावर कुत्रं सोडलं, तर मी त्या कुत्र्याच्याच आवाजात तिची माफी मागितली. ती इतकी हसली की दिवस मावळेपर्यंत सहा गोष्टी सांगून मोकळी झाली, वर आम्हाला जेवायला घातलं. मी बोलतं करायचो, तो लिहून घ्यायचा. वीस वर्षं हेच. “पुस्तकावर दोघायचं नाव राहीन बे गजा,” तो म्हणायचा. मी कधी मागितलं नव्हतं. त्यानंच कबूल केलं होतं, तेही दर प्रवासात.

पुस्तक आलं. मुखपृष्ठावर एकच नाव. मी प्रस्तावनेत पाहिलं, ऋणनिर्देशात पाहिलं. तिथं कुलगुरूंपासून टंकलेखकापर्यंत सगळे होते. शेवटी परिशिष्टात मी मला सापडलो. माहितीदाता क्रमांक अकरा, राहणार एटापल्ली, व्यवसाय नकला करणे. माझ्या वर दहाव्या क्रमांकाला जिवतीची आजी होती. तिच्या कुत्र्याला क्रमांक दिला नव्हता, तेवढं समाधान.

माझ्या क्रमांकापुढं गोष्ट होती ती माझ्या मायची. जंगलात एकच मोहाचं झाड, आणि त्याच्यावर एक म्हातारी आणि एक अस्वल दोघांचाही हक्क. दोघं वाटणी करतात: उजाडायच्या आत पडेल ते फूल अस्वलाचं, उजाडल्यावर पडेल ते म्हातारीचं. एवढी गोष्ट मी दिवाकरला एटापल्लीच्या स्टँडवर सांगितली आणि चंद्रपूरची बस लागली. “शेवट मंग घेऊ,” म्हणत तो जागा धरायला पळाला. तो शेवट त्यानं मला कधी विचारलाच नाही. पुस्तकात मात्र शेवट होता! म्हातारी फुलांच्या ढिगाखाली निखारे लपवते, अस्वलाचं तोंड भाजतं, ते पळून जातं आणि झाड म्हातारीचं होतं. खाली टीप: मानवी चातुर्याचा विजय.

माझी माय आयुष्यभर मोह वेचत होती. तिनं असा शेवट ऐकला असता तर टोपलं फेकून मारलं असतं.

मी भांडलो नाही. नाटकवाला माणूस, मी प्रवेश घेतला. दिवाकरनं त्या सुमारास लोकसाहित्याचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला होता, तोच त्याचा समन्वयक. मान्यतेसाठी विद्यापीठाचे खेटे, वेळापत्रक, एटापल्लीच्या पोरांना वसतिगृहात जागा, सगळं एकटा करायचा आणि फार चांगलं करायचा, हे मला नाकारता येत नाही. फॉर्म भरायच्या रांगेत मला पाहून त्यानं चष्मा काढला.

“काऊन बे, हे काय नाटक लावून राह्यला?”

“शिकाले आलो, सर.”

वर्षभर मी पहिल्या बाकावर बसलो. तो माझ्याच गोष्टी मला शिकवायचा, मी हात वर करून शंका विचारायचो. पोरं खूश असायची. मला वाटायचं, एक दिवस त्याला हसू फुटेल आणि तो वर्गाला खरं सांगून टाकेल... तेवढ्यासाठीच तर बसलो होतो.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. शेजारी दिवाकर. परीक्षकांनी मोहाच्या झाडाचीच गोष्ट विचारली. मी मायचा शेवट सांगितला. एके दिवशी म्हातारी तापानं फणफणते, येत नाही. अस्वल दिवसभर तिच्या वाट्याची फुलं राखत बसतं. दुसऱ्या दिवशी ती येते, पण टोपलं उचलवत नाही, तेव्हा अस्वलच ते टोपलं डोक्यावर घेऊन गावच्या शिवेपर्यंत पोचवून देतं.

“पुस्तकात असं नाही,” परीक्षक म्हणाले.

“पुस्तकात बस लागली होती, साहेब.”

“म्हणजे? ही गोष्ट तुम्ही कुठून आणली?”

मी दिवाकरकडं पाहिलं. त्यानं एक वाक्य बोलायचं होतं: ही गोष्ट याचीच आहे. तो गुणपत्रिकेकडं पाहत राहिला. परीक्षकांनी लाल पेननं आकडा लिहिला, त्याखाली दिवाकरनं सही केली. माझ्या मायच्या गोष्टीत मी नापास झालो.

व्हरांड्यात त्यानं मला गाठलं. “गजा, कोर्सच्या मान्यतेची फाईल त्या परीक्षकापाशीच हाये. पुस्तकच चुकीचं निघालं असतं तं मान्यता गेली असती. तीस पोरं हायेत बे.”

“अन् माह्या मायची फाईल कोनापाशी हाये?”

तो चष्मा पुसत राहिला. “पुढच्या आवृत्तीत पाहू,” म्हणाला. आमचं शेवटचं बोलणं ते. पुढची आवृत्ती निघाली, अस्वलाचं तोंड पुन्हा भाजलं.

गेल्या आठवड्यात त्याच्या विभागात शोकसभा झाली. मला बोलावणं होतं. निवेदकानं ओळख करून दिली, “सरांचे माजी विद्यार्थी.” मी दुरुस्त केलं नाही. भाषणही केलं नाही. माईक धरून मोहाच्या झाडाची गोष्ट सुरू केली, मायच्या शेवटासकट सांगायची म्हणून. दोन वाक्यं झाली आणि मी थांबलो. पुन्हा दोन वाक्यं, पुन्हा थांबलो. लोकांना वाटलं, गहिवरलो. गहिवर नव्हता तो... वीस वर्षं मी असाच सांगत आलो होतो, दिवाकरचं पेन माझ्या तोंडामागून येत असायचं. त्याचं लिहून झालं की तो मान वर न करता म्हणायचा, “हं, पुढं.” मी अस्वलाच्या डोक्यावर टोपलं दिलं आणि पुन्हा थांबलो. हॉल भरलेला होता. लिहून कोणीच घेत नव्हतं.