ओढ्याच्या वरच्या अंगाला

मी आरमोरीजवळच्या एका धानाच्या गावातला. फौजेत भरती झालो आणि नव्वदीच्या अखेरीस आमच्या पलटणीला शांतिसेनेत आफ्रिकेतल्या एका देशात जायचा हुकूम आला. तिथे आमच्या छावणीला लागूनच दुसऱ्या एका देशाच्या सैनिकांची छावणी होती. देशाचं नाव सांगत नाही. त्यांच्यात चांगली माणसंही होती आणि त्यांच्या जागी आम्ही असतो तर वेगळं वागलो असतो, असं छातीठोकपणे म्हणायची माझी तयारी नाही.

सुरुवातीचे दोन महिने एकत्र सरावात गेले. त्यांचे हातांचे इशारे वेगळे, आमचे वेगळे. आम्ही 'थांबा' म्हणून मूठ वर केली की त्यांना ते 'जमा व्हा' वाटायचं आणि सगळे येऊन अंगावर आदळायचे. हळूहळू जमलं. मग गस्त मिश्र झाली, एका गाडीत आमचे दोघे, त्यांचे दोघे. माझ्या वाट्याला त्यांचा एक कॉर्पोरल आला. लालबुंद चेहरा, सतत काहीतरी चघळायचा. स्वतःच्या मुलीचा फोटो दाखवायचा. मला तो आवडला होता, हे आधीच सांगून टाकतो.

टेकडीच्या पायथ्याशी एक ओढा होता. त्याच्या खालच्या अंगाला गाव. गावातली एक म्हातारी रोज आमच्या नाक्यावर भाजलेल्या शेंगा विकायला यायची. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला नाही. मी शेंगा घेतल्या की ती माझ्या हातावर मूठभर जास्तीच्या टाकायची आणि दात नसलेलं तोंड उघडून हसायची. बस, एवढीच ओळख.

एकदा दुपारी आमची गस्त ओढ्याच्या वरच्या बाजूने परत येत होती. तिथे झाडीत त्यांचा मैल्याचा टँकर उभा दिसला. छावणीतल्या संडासांची टाकी उपसून नेणारा. मागचा जाड पाइप सरळ ओढ्यात सोडलेला. वास असा की गाडीतल्या गाडीत मला कोरडी ओकारी आली. काळपट लगदा पाण्यावर पसरत खाली चालला होता. त्यात कागद होते.

मी कॉर्पोरलकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले.

"पाणी वाहतं आहे ना," तो त्याच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "घेऊन जाईल."

"कुठे घेऊन जाईल?"

तो हसला. टँकरवाल्याला हात करून पुढे निघाला.

आमच्या गावात बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पिण्याच्या घाटावर कोणी म्हैस धुतली तरी चावडीवर बोलावत. माझ्या सख्ख्या काकाला बोलावलं होतं, आणि त्याने सगळ्यांसमोर कान पकडले होते. गावात तेव्हा कोणाच्याच घरी संडास नव्हता, पण पिण्याच्या पाण्याच्या वरच्या अंगाला घाण करायची नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. इथे ज्यांच्या छावणीत गरम पाण्याच्या न्हाणीघरापासून सगळं होतं, ते हे करत होते.

छावणीत आल्यावर मी सुभेदार साहेबांना सांगितलं. ते हरियाणाचे, मनाने चांगले. त्यांनी मेजर साहेबांच्या कानावर घातलं. संध्याकाळी मला उत्तर मिळालं, "देख बेटा, उनका मामला है। हम यहाँ मेहमान हैं, वो भी मेहमान हैं।"

मेहमान! पाहुणा यजमानाच्या पाण्यात हगतो का? हे मी मनात म्हणालो. तोंडाने "जी साब" म्हणालो.

थोड्याच दिवसांत म्हातारी यायची बंद झाली. मग नाक्यावरच्या दुभाष्याकडून कळलं की गावात हगवण लागली आहे. मी आमच्या दवाखान्यातून मीठ-साखरेच्या पुड्या मागून घेतल्या आणि गस्तीच्या वाटेवर दुभाष्याला घेऊन गावात गेलो. म्हातारी झोपडीबाहेर चटईवर पडली होती. डोळे खोल गेलेले. तिच्या बहिणीची लहान नात आदल्या दिवशी गेली होती. ज्या घागरीतलं पाणी ती पीत होती, ते त्याच ओढ्याचं. दुभाष्याला म्हटलं, सांग तिला, हे पाणी पिऊ नको म्हणून. तो म्हणाला, "मग कोणतं प्यायला सांगू?"

कॉर्पोरल गाडीतून उतरलाच नाही. नाकाला रुमाल लावून बसला होता. ती घाण कोणाची, हे त्याला माहीत होतं. तरी त्याच्या चेहऱ्यावर किळस होती ती त्या लोकांची. त्या दिवसानंतर त्याच्या हातची सिगारेट मी घेतली नाही.

पुढच्याच आठवड्यात दोन्ही तुकड्यांचा नदी ओलांडायचा सराव त्याच ओढ्यावर ठरला. वाळूवर नकाशा मांडून सगळ्यांना बसवलं. त्यांच्या अधिकाऱ्याने छडीने जागा दाखवली. आमच्या मेजर साहेबांनी विचारलं, "गावाजवळ पात्र उथळ आहे. तिथे का नको?"

"नको," तो सहज म्हणाला, "खालचं पाणी दूषित आहे. माझे जवान आजारी पडतील. आपण टँकरच्या वर जाऊ."

टँकरच्या वर! म्हणजे सगळं माहीत होतं. कुठून घाण होते, कोण आजारी पडतं, सगळं. मी उभा राहिलो. शिपायाने अशा बैठकीत उठायचं नसतं.

"साब, खालच्या अंगाला गाव आहे," मी हिंदीत म्हणालो. "तिथली लेकरं तेच पाणी पितात. एक मेली."

कोणीतरी त्याचं भाषांतर केलं. त्यांचा अधिकारी पुन्हा नकाशाकडे वळला. सुभेदार साहेबांनी माझा बेल्ट धरून मला खाली बसवलं. सराव वरच्या पाण्यातच झाला, छान झाला. फोटो काढले गेले, दोन देशांचे जवान एकमेकांचे हात धरून काठावर येताना.

मला गस्तीवरून काढून भांडारात बसवलं.

पुढे गावाच्या खालच्या पुलाजवळच्या आमच्या चौकीवरचं पाणी गाळायचं यंत्र बिघडलं आणि तिथले जवान ओढ्याचं पाणी जेमतेम उकळून प्यायले. एकामागून एक आडवे झाले. त्यांचेही दोघे त्यात होते. मग काय विचारता! हेलिकॉप्टर आलं, मोठे डॉक्टर आले, आणि दोन दिवसांत दूरच्या माळावर मशीनने खड्डा खणून टँकर तिकडे वळवला. जे गावाच्या मरणाने झालं नाही, ते आमच्या जुलाबाने झालं. गावाला मात्र कोणी काही सांगितलं नाही.

म्हातारी वाचली. परत शेंगा घेऊन आली तेव्हा अंगावर नुसती कातडी उरली होती. उन्हातून आलेली पाहून मी माझी पाण्याची बाटली पुढे केली, छावणीतलं शुद्ध पाणी. तिने बाटली घेतली, माझ्या निळ्या टोपीकडे, टँकरवाल्यांच्याही डोक्यावर असायची तशीच, पाहिलं आणि सगळं पाणी मातीत ओतलं. मग थुंकली. रिकामी बाटली माझ्या हातात देऊन चालायला लागली. मला राग आला नाही. तिच्या जागी मी बाटली फेकून मारली असती.

निघायच्या आधी परेड झाली. कॉर्पोरलच्या आणि माझ्या छातीवर सारखंच पदक लागलं. भाषणात आमच्या भाईचाऱ्याची तारीफ झाली. माझ्या नाकातून तो वास जात नव्हता.

सुट्टीवर गावी आलो तर शाळेत सत्कार ठेवलेला. बोला म्हणाले, म्हणून मी हीच हकिगत सांगायला लागलो. टँकर आणि म्हातारीच्या आजारापर्यंत आलो तोच सरपंचांनी हळूच माझा हात दाबला.

"लेकरं बसून आहेत भाऊ. हे काऊन सांगून राह्यला? सिंह पाह्यला का नाई तिकडं, ते सांगा."

पोरं हसली. मी एकही सिंह पाहिला नव्हता. पाहिला म्हणालो आणि खाली बसलो.

घरी आई धान पाखडत होती. तिने शाळेत मागे उभं राहून अर्धंच ऐकलं होतं. सूप खाली ठेवून म्हणाली, "बाबू, ते शेंगावाली बाई वाचली का मंग?"

"वाचली."

"आता पाणी कुठलं पेते ते?"

"मले मालूम नाई," मी म्हणालो.

आईने सूप पुन्हा उचललं.