पेजेत टाकलेला थेंब
आयोडीनचा वास आला की सोलापूरच्या मुलींच्या शाळेतला तो तास आठवतो. बाईंनी ज्वारीच्या पातळ पेजेचे दोन पेले मांडले. एकात आयोडीनचा थेंब पडला मात्र, पेज काळीनिळी! "आता दुसऱ्यात कुणीतरी थुंका," बाई म्हणाल्या. "अन्नात थुंकायचं? आई घरात घ्यायची न्हाय की!" शेजारची कुजबुजली. मी थुंकले! पेला ओंजळीत उबवत बसले. मग थेंब टाकला, तर निळा रंग आलाच नाही! "तुझ्या लाळेनं पिठाची साखर केली गं!" बाई म्हणाल्या. मी पळतच घर गाठलं. सगळं ऐकून आईनं आधी देवापुढं कान धरायला लावले. आता तोंडात एकही दात नाही. पण भाकरीचा घास घोळवला की गोड लागतो. लाळ अजून कामावर आहे!