एकाच रस्त्याचे दोन दंड

आंबळटेकच्या मालनबाईला पोलीस पाटीलकी मिळाली, ती काही तिनं मागितली म्हणून नव्हे. दोन हजार सालानंतर कधीतरी ती जागा बाईसाठी राखीव पडली. गावातला मान घराबाहेर जाऊ नये म्हणून सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, मॅट्रिक झालेल्या थोरल्या सुनेला परीक्षेला बसवलं. अर्ज धाकट्या दिरानं, विक्रमनं भरला. प्रांतांच्या कचेरीत नवरा जयसिंग घेऊन गेला. सही बाईची आणि कारभार आपला, असा सगळ्यांचा बेत. अहो, पण बाईला वाचता येत होतं ना! ऑर्डरीबरोबर आलेली कर्तव्यं तिनं चुलीपुढं बसून एकूण एक वाचून काढली. बेत फसला तो तिथंच.

पहिल्याच वर्षी बिरोबाची जत्रा आली. देऊळ धनगरवस्तीत, केडगावला जाणाऱ्या रस्त्याला लागून. एरवी ढोलावरच्या गजी नाचाचं रिंगण देवळामागच्या माळावर धरत, पण त्या साली माळ दुकानांनी भरला होता, म्हणून रिंगण आलं रस्त्यावर. ढोल घुमायला लागले आणि म्हाताऱ्या दगडोबा भगताच्या अंगात देव आला. तो भाकणूक सांगायला लागला : पाऊस कसा, पीक कसं, मेंढरांना काय होणार. भाकणूक सुरू झाली की रिंगण मोडायचं नाही, अशी त्यांची रीत. मोडलं तर वर्ष वाईट जातं म्हणतात. इकडं एसटी येऊन थटली. ड्रायव्हर हॉर्न दाबून दाबून थकला. मालनबाई पदर खोचून पुढं झाली आणि म्हणाली, "रस्ता मोकळा करा." अंगात आलेल्या माणसाला काय ऐकू येणार, कपाळ? तिनं घरी येऊन रिपोर्ट लिहिला : रस्ता अडवला, सांगूनही हलले नाहीत.

पोलीस आले, दगडोबाला आणि दोघा ढोलवाल्यांना घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी दौंडच्या कोर्टात उभं केलं. जज्जसाहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? दगडोबाच्या कपाळावर भंडारा तसाच होता. म्हणाला, "व्हय, रस्त्यात नाचलो." झालं. दंड भरून माणसं दुपारच्या जेवणाआधी मोकळी. घरी आबा मिशीवर ताव देत सगळ्यांना सांगत सुटले, "वाघीण हाय आमची सून, वाघीण!"

परतताना दगडोबा तिच्या अंगणात येऊन उभा राहिला. मालनबाईला वाटलं, आता हा शिव्या देणार. पण तो म्हणाला, "पाटलीणबाई, रस्ता आडावला ह्ये खरं हाय. माजा काय राग न्हाई. पन ह्योच दंड समद्यांला लावा, म्हंजी झालं." एवढं बोलून तो गेला. भाकरीत खडा लागावा तसं ते बोलणं तिला लागलं.

त्यानंतर साखर कारखान्याची निवडणूक झाली आणि विक्रम डायरेक्टर म्हणून निवडून आला. मग काय विचारता! ट्रॅक्टरांची रांग, बँड, फटाक्यांच्या माळा, रस्ता गुलालानं लाल. वरात नेमकी बिरोबाच्या देवळापुढं थांबली आणि पोरं तिथंच नाचायला लागली. मागं एसटी, एसटीच्या मागं दुधाचा टेम्पो. विक्रम पहिल्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर चढलेला. मालनबाई गर्दीतून वाट काढत त्याच्यापुढं गेली.

"भावजी, रस्ता मोकळा करा."

"वहिनी, आज न्हाई!" विक्रम हसला आणि मूठभर गुलाल तिच्या डोक्यावर टाकला. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

ती घरी आली. केस धुतले. मग बसून रिपोर्ट लिहिला : रस्ता अडवला, सांगूनही हलले नाहीत. शब्द तेच ठेवले. नावं तेवढी वेगळी.

घरात नुसता भडका उडाला. "डोकं फिरलंय का तुझं?" आबा कडाडले. "घरच्या मान्सावर रिपोर्ट? लोक तोंडात शेण घालतील." जयसिंग बिचारा मधे पडला. "अगं, इजयाचा गुलाल हाय त्यो. रोज का उधळतंय कुनी?"

"आबा, बिरोबाचा भंडारा आन् कारखान्याचा गुलाल," मालनबाई म्हणाली, "येष्टीला दोनी आडवंच आलं की. तवा मी वाघीण झाले. आता काय झाले?"

आबा आणखी मोठ्यानं ओरडले.

ठाण्यात फौजदारांनी कागद वाचला आणि परत सरकवला. "बाई, घरातलं घरात मिटवा. मी डायरेक्टरसाहेबांना समज देतो, विषय संपला."

"मग दगडोबांना समज का न्हाई दिली?"

"ते वेगळं."

"काय येगळं, साहेब? तेवढं सांगा, मी कागद घेऊन जाते."

फौजदारांनी कागद पुन्हा तिच्याकडं सरकवला. मालनबाई समोरच्या बाकावर जाऊन बसली. चहा आला, तिनं घेतला नाही. जेवायला जा म्हणाले, ती उठली नाही. "शिक्का मारा, मग जाते," एवढंच म्हणायची. फौजदारांना घरी जायचं होतं. शेवटी शिक्का बसला आणि विक्रमवर केस झाली.

तुम्हाला वाटेल, चला, न्याय झाला. कसला डोंबलाचा न्याय! दगडोबाला वकील माहीत नव्हता, म्हणून त्याचं एका सकाळीत उरकलं. विक्रमनं वकील लावला, गुन्हा नाकबूल केला, आणि सुरू झाल्या तारखा. कधी वकिलाला ताप, कधी वकील पुण्याला, कधी कागदच सापडेना. पाऊस आला, गेला. ऊस तुटला, त्याच बुडख्यांवर खोडवा उभा राहिला, त्यावरही पाऊस पडून गेला. वकिलाचा डाव सरळ होता : बाईमाणूस आहे, कंटाळून येणं सोडेल. बाकीचे साक्षीदार तर आधीच फिरले होते. कुणी म्हणे मी त्या दिवशी गावात नव्हतो, कुणी म्हणे मला चष्मा आहे.

मालनबाई मात्र प्रत्येक तारखेला रस्त्यावर येऊन एसटीची वाट बघत उभी. घरात आबा बोलत नसत. जाऊ, मोनाली, तिच्या हातचा चहा घेत नसे. मालनबाईला त्याचं वाईट वाटायचं, फार वाटायचं. न्हाणीत तोंडावर पाणी मारता मारता रडूनही घ्यायची. तारखेच्या दिवशी जयसिंग न सांगता म्हशीची धार काढून ठेवी. त्याच्याकडून तेवढंच व्हायचं, पण ते तो चुकवत नसे.

अशाच एका तारखेला एसटी आलीच नाही. ऊन चढलं. मागून विक्रमची जीप आली आणि तिच्यापाशी थांबली. दोघांनाही एकाच कोर्टात जायचं होतं.

"वहिनी, बसा. येष्टी बंद पडलीय यवतला."

"न्हाई भावजी. आरोपीच्या गाडीत साक्षीदार बसत न्हाई."

एसटीची वाट बघत उभ्या असलेल्या बाया हसल्या. विक्रम लालबुंद झाला आणि धुरळा उडवत निघून गेला. मालनबाई चालायला लागली. पुढं एक टोमॅटोचा टेम्पो मिळाला, त्यात क्रेटवर बसून ती दौंडला निघाली.

कोर्टात तोवर पुकारा झाला होता. वकील ताडकन उठला. साक्षीदार हजर नाही, तिला रस राहिलेला नाही, केस निकाली काढावी, म्हणाला. साहेबांनी लिहायला पेन उचललं.

"येतीय ती, साहेब," पिंजऱ्यातून विक्रम म्हणाला. वकील वळून बघायला लागला. "रस्त्यात हाय. ती येनार म्हंजी येनार. मला ठावं हाय." मग मान खाली घालून तो म्हणाला, "कशाला उगं. रस्ता अडवला व्हता आमी. गुन्हा कबूल हाय."

मालनबाई दारात पोचली तेव्हा विक्रम दंड भरत होता. दगडोबाला झाला होता तेवढाच. ती भिंतीला टेकली. 

गावात उतरल्यावर ती घरी न जाता आधी धनगरवस्तीत गेली. दगडोबा खाटेवर बसून ढोलाची दोरी आवळत होता. तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यानं सांगितलं होतं ते आपण केलं, असं तिला वाटत होतं. म्हातारा आता खूश होईल, असंही.

दगडोबानं सगळं ऐकून घेतलं. "त्येंनी कबूल केलं, ह्ये चांगलं केलं," तो म्हणाला. "पन पाटलीणबाई, माजं एका सकाळीत झालं. त्येंचं व्हायला दोन पावसाळं लागलं, आन् तेबी तुमी चपला झिजवल्या तवा. बराबर कुटं झालं?"

मालनबाईचा चेहरा उतरला.  तिनं खाटेच्या कडेवर बूड टेकलं आणि कपाळाचा घाम पुसला.

"न्हाई झालं बराबर," ती म्हणाली. "पुढच्या बारीला एका सकाळीत करून दावते."