पळायची पिनियन

मला दम म्हणून निघत नाही. चहाला उकळी फुटेपर्यंत मी दोनदा अंगणात जाऊन येतो, मग वडीगोद्रीहून अंबडला रखडत जाणारी जीप कशी सोसावी?

जीप आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला तरी ते स्टिअरिंग सोडत नव्हते. "मला सगळं दिसतं," एवढं एकच पालुपद. दोन वर्षं आमची त्यावरून रोज जुंपायची.

मागच्या चाकांना फिरवणारी क्राऊन-पिनियनची जोडी झिजली, म्हणून गाडी शहागडला नेली. मिस्त्रीनं विचारलं, "ओढीची बसवू का पळायची? पिनियनला दात कमी तर ओढ, जास्त तर पळ. दोन्ही संगं भेटत न्हाई."

"पळायची!" मी म्हणालो.

बाकड्यावरून आबा ओरडले, "अरे, बागेच्या वाटंला नाल्याचा चढ हाय!"

"आपल्याकडं चढ हायतच किती, आबा?"

"एकच हाय, पण रोजचा हाय. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग!"

हायवेला गाडी अशी पळाली की मी एकटाच हसत होतो. चार दिवसांनी मोसंबीसाठी खताच्या गोण्या भरून मी, बायको आणि आबा बागेकडं निघालो. नाल्याच्या चढावर गाडी मध्येच बंद पडली. लांबून वेग घेऊन पाहिला, तरी तेच. तिसऱ्यांदा क्लचचा जळका वास सुटला. मी खाली उतरून टायरला लाथ घातली. अकरापर्यंत अंबडला पोचायचं होतं मला!

आबा म्हणाले, "सरक. पहिल्या गिअरपेक्षा रिव्हर्सला जोर जास्त असतो. उलटी चढवतो."

"मागचं दिसंल का?"

"बिलकुल दिसतं."

मी घड्याळ पाहिलं आणि बाजूला झालो.

बायको चढावर उभी राहून हात दाखवू लागली. "या मामा, या!" जीप गुरगुरत उलटी चढू लागली. काय सरळ येत होती! आणि मग बायको किंचाळली, "थांबा! मामा, थांबा!" इंजिनच्या आवाजात ते त्यांना ऐकूच गेलं नाही. तिनं बाभळीत उडी घेतली. गाडी तिच्या जागेवरून वर निघून गेली.

मी धावत वर गेलो तर आबा खुशीत उतरत होते. "चढली का न्हाई?"

बायको काट्यांतून बाहेर आली. कोपरातून रक्त येत होतं.

"सूनबाई, कुठं पडलीस गं?"

"तुमच्या मागंच उभी होते, मामा."

आबा मटकन बांधावर बसले. मग बोलले, तेही माझ्याशी.

"मला न्हाई दिसत. लई दिवसांपासून न्हाई दिसत. तुला तर माहीत होतं. मंग तू सरकलास कशाला?"