पाटा आमच्याकडे, वरवंटा तिच्याकडे

माझी धाकटी बहीण आज जिवंत आहे ती माझ्या काकीमुळे. हे आधी लिहून टाकतो. पुढचं लिहिता लिहिता गोदीचा भोंगा झाला आणि कागद तसाच राहिला, तरी एवढं तरी लिहिलेलं असावं. काकी म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावाची बायको, आईची जाऊ. तिने आमच्यासाठी जे केलं ते आमच्याशी एक शब्दही न बोलता केलं. म्हणून तिचे आभार कसे मानावे हे मला अजून कळलेलं नाही.

मी इथे कराचीला गोदीतल्या वखारीत कामाला आहे. माझी शाळा मराठी चौथीत सुटली, तेव्हा ऱ्हस्वदीर्घाचं काही सांगू नये. घरून माणूस आला की आधी त्याचं तोंड बघतो. तो हसला म्हणजे सगळी आहेत. मग पाणी देतो.

आमचं गाव कडावच्या अलीकडे, भातखाचरांच्या मधे. आजा वारल्यावर वडील आणि काका वेगळे झाले. घर एकच, मधे कारवीचा शेणाने लिंपलेला कूड घातला. भांडीकुंडी वाटून झाली आणि शेवटी पाटा-वरवंटा राहिला. आईने पाटा धरला, काकीने वरवंटा. दोघीही सोडीनात. वाटणीला बसलेली म्हातारी माणसं आधी समजावत होती, मग हसायला लागली. एकजण म्हणाला, "ज्याच्या हातात जे हाय ते त्याचं, आमाला भूक लागली," आणि सगळे उठले. तेव्हापासून पाटा आमच्याकडे आणि वरवंटा तिच्याकडे. आई पाट्यावर नदीतल्या गोट्याने मिरची वाटायची. काकी ओढ्यातल्या फरशीवर वरवंट्याने वाटायची. दोन्हीकडच्या चटणीत कचकच लागे. दोघींनी अबोला धरला तो धरलाच.

पण गप्प बसणं दोघींच्याही स्वभावात नव्हतं. काकी जे बोलायचं ते तिच्या म्हशीला बोले. "म्हशे, बघितलंस? काही लोकांच्या घरी भाकरी जळतीया, वास पार इकडं येतोय." आमच्याकडे म्हैस नव्हती, एक तुरेवाली कोंबडी होती. आई तिला दाणे टाकत म्हणे, "कोंबडे, सांग जा म्हशीला, आमच्याकडं भाकरीला पीठ तरी हाय." म्हशीने आणि कोंबडीने ही भांडणं किती ऐकली असतील त्याला हिशेब नाही. आम्हा मुलांना त्यात नवल वाटत नसे.

मुंबईत गाठीचा ताप आला त्या साली माणसं आगगाडीने पळून येऊ लागली. कर्जतच्या स्टेशनावर डाक्तर त्यांच्या काखा चाचपून बघत. वडिलांची बैलगाडी होती. स्टेशनावरची माणसं आणि गाठोडी ते खालापूरपर्यंत पोचवत. गाडीला कधी नव्हती इतकी गिऱ्हाइकं मिळत होती, म्हणून त्यांनी थांबायचं मनावर घेतलं नाही. काकी म्हशीला म्हणाली, "म्हशे, साथ पायी येत नाय बरं. गाडीत बसून येती, आन् भाडं देऊन येती."

भात झोडून झालं होतं. आमच्या कणगीमागे उंदीर मरून पडला. मग काकांच्या बाजूला पडला, मग शेजारी. तेव्हा एवढं सगळ्यांना कळलं होतं की उंदीर पडला की घर सोडायचं. सगळं गाव खाचरांत उतरलं. कारवीचे कूड, वर पेंढा, असे मांडव उभे राहिले. आमचा आणि काकांचा मांडव शेजारी शेजारीच आले, कारण खाचरंही वाटणीत शेजारचीच होती. घरात मधे कूड होता, इथे बांध होता.

आई पोटुशी होती. तिथे मांडवातच बहीण झाली. सुईण आली, नाळ कापली आणि सुपात मूठभर तांदूळ घेऊन गेली. ती पुन्हा आली नाही, कारण आईला ताप भरला आणि जांघेत गाठ आली. दुसऱ्या दिवशी आजूबाजूचे मांडव लांब हलले. लोक बांबू उपटून खांद्यावर घेऊन जाताना दिसत. काकांनी मात्र मांडव हलवला नाही. तसे आधी तेही मेख उपटायला लागले होते. काकी म्हणाली, "म्हशे, तुला पाणी इथनं जवळ हाय ना? मंग आपण कुटं जायाचं नाय." म्हशीच्या पाण्याचं कारण पुढे करून ते तिथेच राहिले.

आईने पोरीला जवळ आणू दिलं नाही. "तिला माज्यापासनं लांब घे," एवढंच मला म्हणाली. वडील बैलांपाशी बसून राहत. मी पोरीला घेऊन मांडवाबाहेर उन्हात फिरे. तिला मी तांदळाची पेज चाटवली ती तिने ओकून टाकली. ती रडत होती तोवर बरं होतं. मग तिचा आवाज बसला. नुसतं तोंड उघडे आणि मिटे. आई गेली तर काय, हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरतच नव्हतं. ही हातातली राहते की नाही एवढंच होतं.

काकी बांधापलीकडे म्हैस पिळत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हशे, पोरीचा आवाज बसला गं. लोकांना काय दिसत नाय का? आपल्या दुधाची एक करवंटी रोज बांधावर ऱ्हाती. कुत्रं पितंय. कुणी माणसानं पिली तर आपण कुत्र्याला काय सांगायचं?"

मी तसाच उभा.

"म्हशे, तुजं दूध जड. नुसतं पाजलं तर लेकरू फुगंल. निम्मं पाणी घालून उकळायला पायजे, आन् धुतलेल्या फडक्याची वात करून चोखवायला पायजे. करवंटी मागं आणायची नाय, चुलीत घालायची. पण हे तुला सांगून काय उपेग? तुला कुटं चूल पेटवता येती?"

काका मांडवाच्या दारात येऊन ओरडले, "बांध ओलांडलास तर तिकडंच ऱ्हा, सांगून ठेवतो!"

"ओलांडला का मी? म्हशीशी बोलतीया. आता म्हशीशी बोलायची बी चोरी झाली का?"

काका पुन्हा आत गेले.

त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ बांधावर करवंटी असे. मी दूध उकळी, फडकं बुडवून पोरीच्या तोंडात धरी. पहिल्यांदा तिने ते जिभेने बाहेर ढकललं. मग चोखायला लागली. माझं बोटही चोखायला लागली. बांधावर उभं राहून कुणाला तरी सांगावंसं वाटलं. पण सांगायचं कुणाला? काकी पाठमोरी शेण गोळा करत होती. मी म्हशीकडे बघून म्हटलं, "म्हशे, पिली गं." काकीचा हात जरा थांबला आणि परत चालू झाला.

आई शुद्धीत होती तोवर तिला हे सगळं ऐकू जात होतं. एका दुपारी तिने मला कोंबडी आणायला सांगितली. कोंबडी टोपलीखाली होती. मी ती तिच्या उशाशी धरली. आईचा आवाज बारीक झाला होता, पण तिने जोर लावून बांधापलीकडे जाईल असं म्हटलं, "कोंबडे, म्हशीला सांग, पोरगी तिच्या पदरात हाय."

पलीकडून काकी म्हणाली, "म्हशे, सांग तिला, ऐकलं."

त्यानंतर आई कुणाशी बोलली नाही. ती गेली तेव्हा वडिलांनी बैल जुंपले आणि तिला गाडीतून नदीवर नेलं. काका गाडीमागे बरंच अंतर ठेवून चालत आले. त्यांनी लांबूनच लाकडं टाकली. परत येताना वाटेत माणूस भेटला नाही.

पावसाआधी गाव घरात परतलं. कौलं उतरवून घरात ऊन घेतलं होतं, भिंतींना चुना लावला होता. मी शाळेत जाऊन बघितलं. पोरीला मांडीवर घेऊन दोनदा बसलो. ती रडली की सगळी शाळा मागे वळून बघे. मग मी गेलो नाही.

पोरीचं बारसं राहिलं होतं. सुतकात बारावा दिवस कधी गेला ते कळलं नव्हतं. वडील म्हणत, "नावाशिवाय काय अडलंय?" मी तिला नुसतं 'पोरी' म्हणे. एके दिवशी कुडापलीकडून ऐकू आलं, "म्हशे, तुला म्हशी म्हणतात त्ये ठीक. पण माणसाच्या पोरीला किती दिस पोरी म्हणायचं?"

बारसं करायचं तर वरवंटा हवा. रिकामा पाळणा हलवत नाहीत. आधी वरवंट्याला टोपरं घालून, नटवून पाळण्यात निजवतात, मग बाळाला. आमच्याकडे नुसता पाटा. आळीतली एक म्हातारी म्हणाली, "मंग काय, पाटा घालता का पाळण्यात? पाळणा तुटून खाली यायचा!" बायका हसल्या. पण गाठ निघालेल्या घरात स्वतःचा वरवंटा द्यायला त्यांच्यातली एकही तयार नव्हती.

सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर वरवंटा होता. धुतलेला, हळदकुंकू लावलेला, डोक्याला जुन्या लुगड्याच्या काठाचं टोपरं. पलीकडे म्हैस हंबरत होती. काकी पाठमोरी तिला वैरण टाकत होती.

नाव ठेवायचा मान आत्याचा. आत्या खालापूरकडे दिलेली, तिच्या गावात तेव्हा साथ चालू होती. बायका पाळण्याभोवती उभ्या राहून एकमेकींकडे बघू लागल्या. तेव्हा काकी कुडाला वळसा घालून आमच्या दारातून आत आली. वेगळे झाल्यापासून ती पहिल्यांदाच आमच्या बाजूला येत होती. वडील उठून बाहेर गेले. ती पाळण्यावर वाकली, पोरीच्या कानात बोलली, मग सरळ होऊन मोठ्याने नाव सांगितलं. ते माझ्या आईचं नाव होतं.

ते नाव काकीने कित्येक वर्षं तोंडातून काढलं नव्हतं. आता ते तिला दिवसभर घ्यावं लागे, कारण पोरगी दूध प्यायला तिच्याकडे जाई आणि तिथेच राहू लागली. "अगं, कुटं मेलीस? जेवायला ये!" अशी ती कुडापलीकडून आईचं नाव घेऊन हाक मारी आणि वडील हातातलं काम थांबवत.

वरवंटा ती बारशानंतर घेऊन गेली. "म्हशे, वरवंटा काय कुणाला दिला नवता हां. पोरीसाटी नेलता." पाटा आमच्याकडेच राहिला. वडिलांना मी एकदा म्हटलं, देऊन टाकू या. ते म्हणाले, "वाटणीत आलाय." पुढे मी गाव सोडलं, आणि आज या गोदीत आहे.

गेल्या खेपेला आलेला गाववाला सांगत होता, बहीण आता काकीच्या खांद्याला लागली, आणि काकीचे हात दुखतात, तिला वाटण जमत नाही. पोरगीच वाटते, त्याच फरशीवर. ते ऐकल्यापासून रजेचं विचारतो आहे. वखारवाले पावसाळ्यानंतर बघू म्हणतात. तोवर काकी बरी असावी.

रजा मिळाली की घरी जाऊन पहिलं काम तेच करणार आहे. वडिलांना विचारणार नाही. पाटा खांद्यावर घेईन, कुडाला वळसा घालून जाईन आणि तिच्या वरवंट्याखाली ठेवीन. एका पाट्याने तिचं काही फिटणार नाही हे मला कळतं, पण सुरुवात तिथून करीन. आणि ती तोंड फिरवून बसली तर म्हशीला सांगेन. ती म्हैस आता नसेल. गोठ्यात जी असेल तिला सांगेन.