हेमाबाईंची शिल्लक रजा

हेमाबाई निवृत्त झाल्या आणि आमच्या शिक्षककक्षातली शिस्त गेली, तशी मजाही गेली. कोथरूडमधली आमची शाळा तीच, टेबल तेच, चहाही तितकाच पाणचट. पण "तुम्हाला उशीर नाही हो झाला, आम्हीच लवकर आलो असू" असं म्हणणारं आता कुणी नाही. शनिवार पेठेतून स्कूटीवर येऊन त्या घंटेच्या आधी फाटकात उभ्या असत. मुलं घाबरत, आम्ही शिक्षिका त्याहून जास्त. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला त्या अजिबात आवडायच्या नाहीत. आता मात्र मधल्या सुट्टीत डबा उघडला की त्यांच्या खुर्चीकडे नजर जातेच.

त्यांची ख्याती एका गोष्टीसाठी होती. मुलाच्या, आमोदच्या बाळंतपणाची सोडली तर उभ्या नोकरीत एकही रजा नाही. आणि तेव्हाही कळा सुरू होईपर्यंत म्हणे फळ्यावर गणितं सोडवत होत्या. रजा मागायला गेलेल्या प्रत्येकीच्या तोंडावर आमच्या संस्थेचे कार्यवाह हिंमतराव हेमाबाईंचं नाव फेकायचे. त्या नावाचा मला भारी राग यायचा.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतरचा जून होता. एप्रिलमध्ये आमचे चित्रकलेचे सर गेले होते. मुलं घरी, शाळा ऑनलाइन. तरी फर्मान निघालं की शिक्षकांनी शाळेत येऊन, रिकाम्या वर्गात बसून मोबाइलवर शिकवायचं. मला सहावा महिना होता. गरोदर बायकांना तेव्हा लसही मिळत नव्हती. कर्वेनगरहून बसने यायचं, सगळ्यांनी हात लावलेल्या यंत्रावर अंगठा टेकवायचा आणि घरी जाऊन शिंक आली तरी हादरायचं. मी घरून शिकवायची परवानगी मागितली. "ज्यांना जमत नाही त्यांनी बिनपगारी घरी बसावं," असं उत्तर आलं. नवऱ्याची नोकरी नुकतीच सुटली होती. पोटातलं बाळ सांभाळायचं की पगार, एवढंच माझ्यापुढे उरलं होतं.

त्या आठवड्यात सभागृहात बैठक झाली. खुर्च्या लांब लांब मांडलेल्या. मी उभी राहून पुन्हा तेच मागितलं.

"अहो, गरोदरपण म्हणजे काही आजार नव्हे," हिंमतराव म्हणाले. "या हेमाबाई बसल्यात समोर. हेमाबाई, तुम्ही कधी अशी सवलत मागितलीत?"

बाई उठल्या.

"नाही मागितली."

"ऐकलंत, नम्रताबाई?"

"माझं बोलून व्हायचंय," हेमाबाई म्हणाल्या. "आमोद माझा दुसरा. त्याच्या आधी मुलगी होती. त्या वर्षी काविळीची साथ होती. वर्गातली पोरं पिवळी पडत होती आणि मी त्यांच्यात बसून वह्या तपासत होते, त्याच टाकीचं पाणी पीत होते. रजा मागायची लाज वाटली मला. मग मलाही कावीळ झाली आणि सातव्या महिन्यात पोर पोटातच गेली. दिवाळीची सुट्टी होती, म्हणून हजेरी बुडाली नाही. संमेलनात संस्थेने मला शाल दिली."

हिंमतराव चष्मा पुसत राहिले. शेवटी म्हणाले, "मग आपलं म्हणणं काय आहे?"

"नम्रता घरून शिकवेल, पूर्ण पगारावर. ते जमत नसेल तर उद्यापासून मी रजेवर. माझी शिल्लक भरपूर आहे. दहावीचे गुण यंदा शाळेनेच द्यायचेत, ते आपण बसून भरा."

हिंमतरावांना दहावीचे विषय तरी सांगता आले असते की नाही, शंकाच आहे. संध्याकाळच्या आत परवानगी आली. पुढे बालवाडीच्या दोन गरोदर शिक्षिकांनाही ती मिळाली, काही न मागता.

सप्टेंबरात मला मुलगी झाली. बाई बघायला आल्या, पण उंबऱ्याच्या आत येईनात. "लांबूनच बरी मी," म्हणाल्या. मी लेकीला घेऊन दारापाशी आले. मास्कमुळे त्यांचे डोळे तेवढे दिसत होते.

"नाव काय ठेवलंस?"

"अजून नाही हो. बारसं पुढे ढकललंय. माणसं जमवायला नकोत म्हणून."

बाई म्हणाल्या, "माणसं नंतर जमव. नाव आधी ठेव. आमच्या मुलीला नाव नव्हतं, त्यामुळे कुणी कधी तिच्याविषयी विचारलंच नाही. विचारणार तरी काय म्हणून? मला आठवण येते, पण तिला हाक कशी मारायची ते कळत नाही."

मला रडू आवरेना. तिथेच, दारात, मी लेकीच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "स्वराली."

बाईंनी बाहेरूनच तिला हाक मारली. मग थांबून पुन्हा एकदा मारली.